गाड्यांचे फोटो काढायला निघताना: नवख्या रेल्वेप्रेमींसाठी पायरीपायरीने

पाऊस सुरू झाला की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, "घाटात गाडीचा फोटो नेमका कुठून काढायचा गं?" विचारणाऱ्याने बहुधा एखादं रील पाहिलेलं असतं. बोगद्याच्या तोंडाशी रुळात उभा असलेला कोणीतरी आणि मागून धुक्यातून येणारं इंजिन. तसा फोटो मी कधी काढलेला नाही आणि कोणाला काढूही देणार नाही. पण त्याहून कितीतरी देखणे फोटो फलाटावरून, पुलावरून, रस्त्यावरून आणि शेताच्या बांधावरून मिळतात. ते कसे मिळवायचे, आणि फोटो काढून संध्याकाळी धडधाकट घरी कसं यायचं, ते इथे क्रमाने सांगते.

पुढे जे काही सांगितलंय ते सगळं एकाच कसोटीवर उभं आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकते. गाडी कोणत्याही रुळावरून, कोणत्याही दिशेने, कोणत्याही क्षणी आली तरी मला पाय हलवावा लागणार नाही, अशा जागी मी उभी आहे का? उत्तर "हो" असेल तर कॅमेरा बाहेर काढा. "गाडी आली की मी बाजूला होईन" असं उत्तर येत असेल, तर ती जागा सोडा.

## १. गाडीचा वेग आणि रुंदी आधी समजून घ्या

ताशी ११० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात साधारण ३० मीटर कापते. १३० च्या वेगात हेच अंतर ३६ मीटर होतं. तुम्ही मोबाइलच्या पडद्यात बघून "अजून लांब आहे" म्हणेपर्यंत ती तुमच्यापाशी आलेली असते. तुम्ही दिसलात म्हणून लोको पायलटने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्याने, इमर्जन्सी ब्रेक मारला, तरी वेगातली गाडी थांबायला शेकडो मीटर लागतात. स्टिअरिंग तर त्याच्या हातात नसतंच.

दुसरी गोष्ट रुंदीची. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १.६७६ मीटर असतं, पण एलएचबी डबा (लांब पल्ल्याच्या गाड्यांचा नव्या पद्धतीचा डबा) ३.२४ मीटर रुंद असतो. म्हणजे डबा रुळाच्या दोन्ही बाजूंना पाऊण मीटरहून जास्त बाहेर येतो. मुंबईच्या लोकलचा डबा तर ३.६६ मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ एक मीटर बाहेर. "मी रुळावर कुठे होतो, बाजूला खडीवर होतो" असं म्हणणारे नेमके या मापात फसतात. त्यात भर म्हणजे उघडी दारं, दारातून बाहेर काढलेले हात, मालगाडीवरची सुटलेली ताडपत्री आणि खिडकीतून भिरकावलेल्या बाटल्या.

तिसरी गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा वाइड असतो. वाइड लेन्समधून वस्तू असते त्यापेक्षा लांब दिसते. पडद्यावर गाडी बोटाच्या पेराएवढी दिसत असताना प्रत्यक्षात ती अगदी जवळ आलेली असू शकते. म्हणून अंतराचा अंदाज पडद्यावरून कधीही घ्यायचा नाही, डोळ्यांनीच घ्यायचा.

आणि आवाजावर अजिबात विसंबू नका. डिझेल इंजिन लांबून ऐकू यायचं, ते दिवस बऱ्याच मार्गांवर संपलेत. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. विजेची गाडी वाऱ्याच्या उलट दिशेने, वळणावरून येते तेव्हा अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. एका रुळावरून मालगाडी धडधडत जात असेल तर शेजारच्या रुळावरच्या गाडीचा आवाज तीच गिळून टाकते. रुळ ओलांडताना होणारे कितीतरी अपघात या दुसऱ्या गाडीनेच होतात.

## २. कायदा काय म्हणतो ते एकदा नीट वाचा

रेल्वे कायदा, १९८९ मधलं कलम १४७ या छंदात सगळ्यात जास्त कामाचं आहे. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरलं, किंवा शिरल्यावर निघायला सांगूनही थांबून राहिलं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. रूळ, खडी, बोगदे, पूल, यार्ड, लोको शेड (इंजिनांचं आगार) हे सगळं या हद्दीत येतं. गाडीच्या टपावर, पायरीवर किंवा इंजिनावर बसून प्रवास केल्यास कलम १५६ लागतं.

दूधसागरचं उदाहरण बघा. कुळे ते कॅसलरॉक हा घाट दक्षिण पश्चिम रेल्वेकडे आहे. जुलै २०२३ मध्ये रुळांवरून चालत धबधब्याकडे जाणाऱ्यांची झुंबड उडाली, तेव्हा रेल्वेने जाहीर आवाहन करून कारवाई केली. धबधब्यासमोरून गाडी जातानाचा फोटो हवा असेल तर पावसाळा सरू द्या. ऑक्टोबरनंतर कुळ्याहून जीपने धबधब्याच्या पायथ्याशी जाता येतं आणि तिथून पुलावरची गाडी वर मान करून टिपता येते. भर पावसात जायचंच असेल तर गाडीत बसून खिडकीतून बघा.

## ३. परवानगी कुठे लागते, कुठे नाही

फलाटावर उभं राहून मोबाइलने किंवा साध्या कॅमेऱ्याने स्वतःपुरते फोटो काढणाऱ्याला सहसा कोणी अडवत नाही. पण ड्यूटीवरच्या स्टेशन मास्तरांनी किंवा आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) जवानाने "नको" म्हटलं की विषय संपला. वाद घालायचा नाही.

जाहिरात, लग्नाचं फोटोशूट, म्युझिक व्हिडिओ, यूट्यूब चॅनेलसाठी लवाजमा घेऊन केलेलं चित्रीकरण, अशा कशासाठीही त्या रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडून लेखी परवानगी घ्यावी लागते. इथे नवखे लोक पहिली ठेच खातात, कारण आपल्या स्टेशनची रेल्वे कोणती हेच माहीत नसतं. मध्य रेल्वेचं मुख्यालय मुंबईत सीएसएमटीला, पश्चिम रेल्वेचं चर्चगेटला आणि कोकण रेल्वेचं सीबीडी बेलापूरला. मराठवाड्याचा मोठा भाग नांदेड विभागात, म्हणजे सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेत येतो. नागपुरात तर दोन विभाग आहेत, एक मध्य रेल्वेचा आणि दुसरा बिलासपूरच्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा. अर्ज चुकीच्या दारात गेला की महिने निघून जातात.

ट्रायपॉडबद्दलही इथेच सांगते. फलाटावर ट्रायपॉड उघडला की तुम्ही व्यावसायिक शूटिंग करताय असाच समज होतो, आणि धावपळीत लोकांच्या पायातही येतो. तो घरीच ठेवा. ड्रोनचं तर नावच काढू नका. रूळ आणि ओव्हरहेड वायरवर ते उडवणं म्हणजे गाडीच्या जिवाशी खेळ.

## ४. सोबत काय घ्यायचं

- ओळखपत्र. आधारची प्रत चालते, पण मूळ कार्ड असलेलं बरं.
- फलाट तिकीट किंवा प्रवासाचं तिकीट. फलाट तिकीट दहा रुपयांना मिळतं आणि दोन तास चालतं. मोठ्या स्टेशनांवर दिवाळीच्या गर्दीत त्याची विक्री बंद ठेवतात, त्या दिवसांत जाऊ नका. लोकलचं तिकीट काढून फलाटावर तासन्‌तास बसून राहणं नियमात बसत नाही.
- परवानगीचं पत्र असेल तर त्याची छापील प्रत.
- पाण्याची बाटली, टोपी, पावसात रेनकोट. छत्री नको. तिचं कारण पुढे सांगते.
- लेन्स पुसायला मऊ कापड आणि कॅमेऱ्यासाठी प्लास्टिकची पिशवी. कोकणातल्या दमट हवेत एसी डब्यातून उतरलात की लेन्सवर बाष्प धरतं, दहा मिनिटं धीर धरा.
- घट्ट पकड असलेले बूट. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, चप्पल घालून चढणं म्हणजे हमखास घसरणं.

कपड्यांबाबत एक नियम कटाक्षाने पाळा. लाल आणि हिरवा भडक रंग रुळाच्या जवळ नको. लाल कापड हलताना दिसलं तर लोको पायलट ते धोक्याचा इशारा समजू शकतो. तसंच दोन्ही हात डोक्यावर उंच धरणं हाही रेल्वेत थांबण्याचाच इशारा आहे. म्हणून उत्साहाच्या भरात दोन्ही हात उंचावून नाचू नका. लांबून एक हात हलवलात तर बरेच लोको पायलट हात हलवून उत्तर देतात, कधी हॉर्नही देतात. तेवढंच पुरे.

कानात इअरफोन नको. एकट्याने जाण्यापेक्षा दोघं जा. एकाने फोटो काढायचा, दुसऱ्याने दोन्ही दिशांना नजर ठेवायची, आणि दर थोड्या वेळाने अदलाबदल करायची. मुली-बायकांनी तर आडबाजूच्या स्टेशनावर जोडीनेच जावं. परतीची शेवटची गाडी कोणती हे निघण्याआधी बघून ठेवायचं आणि घरी कोणाला तरी स्टेशनाचं नाव सांगायचं.

## ५. पहिले काही महिने सोप्या जागा

सुरुवात मोठ्या स्टेशनापासून करू नका, असं सगळे सांगतात. माझं मत उलट आहे. सुरुवात मोठ्या स्टेशनाच्याच गर्दी नसलेल्या वेळात करा. दुपारी सीएसएमटीच्या लांब पल्ल्याच्या फलाटांवर उभ्या गाड्या मिळतात, वेग शून्य, हाताला सवय होते, आणि २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेली इमारत मागे आहेच. नागपूरकरांना मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय आहे, तिथे जुन्या इंजिनांच्या जवळ जाऊन चाकं, बॉयलर, नंबरपाट्या सगळं निवांत टिपता येतं. ज्यांना लहान मुलांना ही गोडी लावायची आहे त्यांनी पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आधी दाखवावं. पोरं प्रश्न विचारायला लागतात.

धावत्या गाडीचा पहिला सराव माथेरानला करा. १९०७ पासूनची ही दोन फुटी रुळांवरची गाडी इतकी हळू चालते की पॅनिंग, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढणं, शिकायला याहून चांगली जागा नाही. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज बंद असते, पण अमन लॉज ते माथेरान शटल सुरू असते. दस्तुरीहून गावाकडे जाणारी वाट बराच वेळ रुळालगत जाते आणि लोक बिनदिक्कत रुळांवरून चालतात. "टॉय ट्रेनच तर आहे" ही समजूत इथे सर्वांत घातक. छोटं असलं तरी ते टनावारी लोखंड आहे. वाटेवरच थांबा.

मग घाट. कर्जत ते लोणावळ्याचा बोरघाट १८६३ मध्ये सुरू झाला आणि कसारा ते इगतपुरीचा थळघाट १८६५ मध्ये. दोन्हीकडे चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. एवढ्या चढावर एका इंजिनाच्या जिवावर गाडी चढत नाही, म्हणून मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना कर्जतला आणि कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लावतात. नवख्या माणसाला घाटाचं खरं नाट्य इथेच, फलाटावर उभं राहून बघता येतं.

कर्जतला गाडी थांबली की सगळे वड्याकडे धावतात, तुम्ही शेवटच्या डब्याकडे जा. बँकर इंजिनं अगदी सावकाश, जवळजवळ तरंगत मागे येतात. रुळाशेजारचा कर्मचारी हाताने "ये, ये, बस" असं करत असतो. कपलर (जोडणीचे लोखंडी आकडे) एकमेकांत बसतात तेव्हा जो ठोका होतो तो शेवटच्या डब्यातल्या माणसाच्या कपातल्या चहालाही कळतो. मग ब्रेकचा पाइप जोडतात, हवेचा फुसकारा येतो, पुढचा आणि मागचा लोको पायलट वॉकीटॉकीवर बोलतात, हॉर्न होतो, आणि गाडी पुढून ओढली आणि मागून ढकलली जात निघते. हा सगळा प्रसंग पिवळ्या रेषेच्या मागे उभं राहून टिपता येतो. कर्मचारी जोडणी करत असताना मात्र त्यांच्या अंगावर जाऊ नका, त्यांना हाक मारून "जरा इकडे बघा" म्हणू नका. त्यांचे हात दोन लोखंडी राक्षसांमध्ये असतात.

वंदे भारतला बँकर लागत नाही, कारण तिच्या मोटारी एका इंजिनात नसून डब्यांखाली वाटलेल्या असतात. फेब्रुवारी २०२३ पासून ती दोन्ही घाट चढते आहे. एकाच सकाळी बँकरवाली गाडी आणि वंदे भारत दोन्ही टिपल्या तर फोटो शेजारी शेजारी लावून मुलांना फरक समजावता येतो.

घाटाच्या आत, जसं बोरघाटात ठाकूरवाडी किंवा मंकी हिलच्या बाजूला, रुळांवरून चालत जाणारे लोक दिसतात. त्यांच्यामागे जाऊ नका. दोन्ही घाटांत तीन तीन मार्ग आहेत आणि कोणत्या रुळावरून गाडी वर येईल की खाली, हे बाहेरच्या माणसाला ओळखता येत नाही. बोगद्यात शिरल्यावर तर पळायलाही जागा नाही.

कोकणात रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. तो खालच्या गावातून, रस्त्यावरून, डोळे भरून दिसतो. पुलाचा खरा डौल खालूनच कळतो. वर चढून काढलेल्या फोटोत फक्त कठडा येतो.

## ६. फलाटावर उभं राहण्याची रीत

पिवळ्या रेषेच्या मागे दोन पावलं. न थांबणारी गाडी जाताना हवेचा झोत आधी ढकलतो, मग ओढतो, आणि पाठीवर भरलेली बॅग असली की तोल जातो. बॅग पाठीवर नाही, पायांतही नाही, मागे भिंतीला लावून ठेवा.

फलाटाचं टोक हा नवख्यांचा आवडता कोपरा. तिथून गाडीचं तोंड छान मिळतं, हे खरं आहे. पण टोकाला फलाट उताराने खाली खडीत उतरतो. त्या उतारावर पहिलं पाऊल टाकलं की तुम्ही प्रवासी राहत नाही, कलम १४७ मधले घुसखोर होता. उतार सुरू होण्याआधी थांबा. फोटोत फरक पडत नाही, झूम थोडा वाढवावा लागतो एवढंच.

फ्लॅश कधीच नाही, दिवसाही नाही. अंधारात लोको पायलटच्या डोळ्यांवर फ्लॅश पडला तर पुढचा सिग्नल दिसेपर्यंतचे सेकंद वाया जातात. मोबाइलचा फ्लॅश "ऑटो"वर असतो, स्टेशनात शिरण्याआधी तो बंद करा.

कोणी हटकलं तर घाबरून पळू नका आणि आवाजही चढवू नका. मी साधारण असं बोलते:

"नमस्कार सर. छंद म्हणून गाड्यांचे फोटो काढते. हे फलाट तिकीट, हे आधार. इथे थांबले तर चालेल का, की दुसरीकडे थांबू?"

"कशाला काढता?"

"आवड आहे सर. दाखवू का काढलेले?"

फोटो दाखवले की निम्म्याहून अधिक वेळा बोलणं इंजिनांकडे वळतं. छोट्या स्टेशनांवर आल्याआल्या स्टेशन मास्तरांना भेटून सांगितलं तर पुढची गाडी केव्हा येतेय हेही ते कधीकधी सांगतात. लष्करी गाडी, रणगाडे वाहणारी मालगाडी किंवा बंदूकधारी पहारा दिसला की कॅमेरा सरळ बॅगेत.

## ७. ओव्हरहेड वायर: न शिवताही मारते

तारेत २५,००० व्होल्ट असतात. मुंबईच्या लोकलमार्गांवर पूर्वी १,५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता, २०१६ पर्यंत तोही पूर्णपणे २५,००० व्होल्ट एसीवर गेला. एवढ्या दाबाला स्पर्शाची गरज नसते. जवळ गेलं की वीज हवेतून उडी मारते. रेल्वेचा नियम दोन मीटरपेक्षा जवळ जायचं नाही असा आहे. सेल्फी स्टिक, मोनोपॉड, लोखंडी दांड्याची छत्री, ओली काठी यातलं काहीही पादचारी पुलावरून खाली किंवा पुढे धरू नका. पुलाला लावलेल्या जाळीतून हात बाहेर काढू नका, जाळी त्याचसाठी आहे.

उभ्या मालगाडीच्या वाघिणीवर किंवा टँकरवर चढून फोटो काढताना कितीतरी कोवळी पोरं गेली आहेत. त्यांना तार शिवावी लागली नव्हती. तुमच्या ग्रुपमधला कोणी शिडीकडे वळताना दिसला तर त्याला कॉलर धरून मागे ओढा. त्याला राग आला तर येऊ दे.

## ८. गाडीतून फोटो काढताना

दारात लटकून नाही. खांब, सिग्नल, झाडाच्या फांद्या, बोगद्याची भिंत हे सगळं दाराच्या फार जवळून जातं. मुंबईच्या हद्दीत त्यात फटका गँगची भर: रुळाजवळ उभं राहून दारातल्याच्या हातावर काठी मारायची आणि पडलेला मोबाइल उचलून पळायचं. मोबाइल गेला तर परत घेता येतो. तो सावरायच्या नादात माणूस खाली पडतो.

खिडकीजवळ बसा, मोबाइलचा दोर मनगटात अडकवा आणि हात गजांच्या आतच ठेवा. वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन दिसतं, तो फोटो आतूनही सुंदर येतो. थोडा जास्त खर्च परवडत असेल तर व्हिस्टाडोम, म्हणजे मोठमोठ्या काचांचा डबा, घ्या. डेक्कन क्वीन, डेक्कन एक्स्प्रेस, प्रगती आणि मडगाव जनशताब्दीला तो डबा लागतो. काचेत डब्यातल्या दिव्यांचं प्रतिबिंब येतं, म्हणून मोबाइल काचेला टेकवून धरा.

## ९. वेळापत्रक आणि ॲपच्या सापळ्यातून सावध राहा

रेल्वेचं एनटीईएस आणि "व्हेअर इज माय ट्रेन" या ॲपवर प्रवासी गाडी कुठवर आलीय ते कळतं. फोटोची तयारी करायला ती उत्तम. पण "ॲपमध्ये अर्धा तास काही नाही, चला रूळ ओलांडू" हा विचार जिवावर बेततो. मालगाड्या, नुसती धावणारी इंजिनं, रिकामे रेक (प्रवाशांविना जाणाऱ्या गाड्या), रुळांची कामं करणारी यंत्रं यांतलं काहीही या ॲपमध्ये दिसत नाही. रविवारच्या मेगाब्लॉकला तर जलद लोकल धीम्या मार्गावरून येतात आणि रोजचा अंदाज सगळा उलटापालटा होतो.

कोकणात साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक असतं, वेग कमी ठेवतात, गाड्यांच्या वेळा बदलतात. जुनं वेळापत्रक बघून गेलात तर गाडी निघून गेलेली असते.

फाटकाजवळ उभं राहायचं तर बंद फाटकाच्या बाहेर. रुळाशेजारी पिवळ्या पाटीवर "सी/फा" लिहिलेलं दिसलं की समजा, लोको पायलटने पुढच्या फाटकासाठी शिट्टी द्यायची ती जागा. तिथून थोडं पुढे, हद्दीबाहेरच्या रस्त्यावर उभं राहिलात तर हॉर्नसकट व्हिडिओ मिळतो.

## १०. आता कॅमेरा

समोरून तिरकी येणारी गाडी गोठवायची तर शटर १/१००० सेकंदाच्या आसपास. संध्याकाळी प्रकाश कमी असेल तर १/५०० पर्यंत खाली या, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवा, दाणे आले तरी चालतील. पॅनिंगला १/६० पासून सुरुवात करून १/३० पर्यंत जा. आधी बरेच फोटो हललेले येतील, येऊ द्या.

ओव्हरहेड वायरचा एखादा खांब निवडून त्यावर फोकस आधीच लावून ठेवा आणि इंजिन तिथे आलं की बटण दाबा. मोबाइलवर बोट दाबून धरलं की फोकस आणि प्रकाश दोन्ही लॉक होतात. इंजिनाचा हेडलाइट आणि डब्ल्यूएपी-७ इंजिनाचं किंवा वंदे भारतचं पांढरं तोंड यांनी फोटो जळतो, म्हणून प्रकाश पाऊण स्टॉप (कॅमेऱ्यातलं प्रकाशाचं माप) कमी ठेवा. लोकलच्या पुढच्या एलईडी पाटीवर वेगवान शटरमध्ये अक्षरं अर्धवट येतात. पाटी वाचता यायला हवी असेल तर उभ्या किंवा सावकाश येणाऱ्या लोकलवर शटर १/१०० किंवा त्याहून मंद घ्या.

सूर्य पाठीशी. सकाळी आणि संध्याकाळी. मे महिन्याच्या दुपारी काही मिळत नाही, डोकं तेवढं दुखतं.

## ११. काही चुकीचं दिसलं तर

बाहेर फिरणाऱ्या माणसाला कधीतरी रुळावर पडलेला दगड, खचलेली खडी, धूर येणारं चाक दिसतंच. अशा वेळी जवळच्या ओव्हरहेड खांबावर रंगवलेला क्रमांक वाचा. वरचा आकडा किलोमीटर सांगतो, खालचा त्या किलोमीटरमधला खांब. १३९ वर फोन करून किंवा गेटमन, स्टेशन मास्तरांना गाठून तो क्रमांक, कोणत्या दोन स्टेशनांच्या मधे आणि काय दिसलं एवढंच सांगा. "त्या मोठ्या वडाजवळ" सांगितलं तर शोधण्यात वेळ जातो. रुळावर उतरून दगड स्वतः उचलायला जाऊ नका. लाल कापड हलवायची वेळ खरोखर आली तर रुळाच्या बाहेर राहून हलवा.

## १२. फोटो घरी आणल्यावर

त्याच रात्री नोंद करा: तारीख, स्टेशन, गाडी क्रमांक, इंजिनाचा वर्ग, क्रमांक आणि शेड. शेडचं नाव इंजिनावरच लिहिलेलं असतं, कल्याण, अजनी, भुसावळ, पुणे. वर्गाची अक्षरं ओळखायला सोपी आहेत. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी वीज, डी म्हणजे डिझेल, पी प्रवासी, जी माल, एम दोन्ही. डब्यावरच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे तो डबा कोणत्या वर्षी बनला ते सांगतात.

कुठेही टाकण्याआधी फोटो मोठा करून बघा. मुंबईत रुळांलगतच्या वस्त्यांमध्ये लोक घराबाहेर अंघोळ करत असतात, कपडे बदलत असतात, खिडकीत झोपलेला प्रवासी असतो. असे फोटो कापा किंवा ठेवून द्या. रुळात उभं राहून काढलेला फोटो कोणी पाठवला तर तो पुढे ढकलू नका, कितीही सुंदर असला तरी. दहावीतलं कोणीतरी तो बघतं आणि पुढच्या रविवारी तिथे जातं.

नोंदींचा उपयोग आज कळत नाही. डेक्कन क्वीनचे निळे-पांढरे जुने डबे जून २०२२ मध्ये बदलले, आणि त्याआधीचे नीट तारखा लिहिलेले फोटो आज लोक शोधत फिरतात. तुमच्या जवळच्या स्टेशनावर रोज येणारी साधी पॅसेंजर, तिचं इंजिन, तिचे डबे यांपासूनच सुरुवात करा.